कढईतल्या लिंबाच्या वड्या

लिंबाची भाजकी वडी दोन थरांची असते. खाली नानकटाईच्या जातीचा खुसखुशीत थर, वर अंडं, साखर आणि लिंबाच्या रसाचा मऊ आंबटगोड थर. बेकरीत तिला लेमन बार म्हणतात. १९६० च्या दशकात ती अमेरिकेतल्या घरांत रूढ झाली. तिचे दोन्ही थर मात्र त्याआधीचे आणि ब्रिटनमधले: खालचा स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचा, वरचा इंग्रजांच्या लेमन कर्डचा. भोर-वेल्ह्यात ती परंपरेने आलेली नाही. तरी तिला लागणारं जवळजवळ सगळं इथल्या घरात आधीपासून आहे. परसातलं लिंबू, गावरान अंडी, घरचं लोणी, तांदळाचं पीठ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला लागणारा हात इथल्या बायकांकडे आहे. शंकरपाळ्याचं मोहन ओळखणं, तूप फेसणं, वडी थापणं, आच कमी-जास्त करणं, हे ज्यांना येतं त्यांना या वडीत नवं शिकण्यासारखं थोडंच उरतं.

राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात एका मावशींपाशी या वड्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, याला भट्टी लागंल ना?" भट्टी लागत नाही, ओव्हनही लागत नाही. जाड बुडाची कढई, झाकण आणि जाडं मीठ एवढ्यावर काम होतं. पावसाळ्यात हिरडस मावळापासून कानद खोऱ्यापर्यंत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे अर्धवट भाजलेला पदार्थ ओव्हनमध्ये अडकून राहण्यापेक्षा गॅसवरची कढई मला जास्त भरवशाची वाटते. म्हणून खालची सगळी कृती कढईची आहे. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांच्यासाठी अंश आणि मिनिटं त्या त्या ठिकाणी दिली आहेत.

मापं ग्रॅममध्ये आहेत. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवला आणि रोजच्या पदार्थांना ते माप पुरतं. भाजण्याच्या पदार्थाला मात्र वीस ग्रॅम लोणी इकडचं तिकडे झालं तरी थर बदलतो. हजार ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घरात असावा. नसेल तर किराणावाल्याकडून मैदा आणि साखर मोजूनच आणा.

साहित्य (७ इंची गोल, २ इंच उंच डब्यासाठी, १४ ते १६ वड्या)

तळाच्या थरासाठी: मैदा ७५ ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ २५ ग्रॅम, पिठीसाखर २५ ग्रॅम, लोणी ७० ग्रॅम, चिमूटभर मीठ.

वरच्या थरासाठी: साखर १५० ग्रॅम, कोंबडीची नेहमीची २ अंडी किंवा गावरान ३, लिंबाचा रस ५० मिली (मध्यम आकाराची ४ लिंबं; हाताशी एक जास्त ठेवा), ३ लिंबांची किसलेली साल, मैदा १५ ग्रॅम, चिमूटभर मीठ. खायच्या वेळी वरून भुरभुरायला दोन चमचे पिठीसाखर.

आता यातल्या एकेका वस्तूबद्दल, कारण वडीची चव चुलीवर चढण्याआधीच निम्मी ठरलेली असते.

लिंबू कागदी हवं. पातळ सालीचं, हाताला जड लागणारं, हिरवेपणा सोडून पिवळं व्हायला लागलेलं. गर्द हिरव्या लिंबाची साल कडवट असते आणि रस कमी निघतो. पार पिवळं होऊन मऊ पडलेलं लिंबू सरबताला चालतं, पण त्याच्या सालीचा वास गेलेला असतो. या दोन्हींच्या मधलं निवडा. परसात झाड असेल तर प्रश्नच नाही. बाजारातून आणायचं तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली साई सरबती ही जात या कामाला फार चांगली, पातळ सालीची आणि रसाळ. उन्हाळ्यात लिंबू महागतं आणि कोरडंही असतं. पावसाळ्यात ते स्वस्त होतं आणि रसाने भरतं. या वड्यांचा खरा हंगाम तोच. परदेशी कृतीत लिंबाचा रस यापेक्षा जास्त सांगितलेला दिसेल. तिथलं मोठं पिवळं लेमन आपल्या कागदी लिंबाहून कमी आंबट असतं. तो आकडा तसाच उचलला तर दात आंबतात.

गावरान अंडं लहान असतं, म्हणून तीन. त्याचा बलक गडद असतो आणि वरच्या थराला येणारा पिवळा रंग त्याचाच. रंगासाठी हळद किंवा खायचा रंग घालायची गरज नाही. हळदीचा वास लिंबाच्या वासावर बसतो. गावरान अंड्याला बाहेरून घाण लागलेली असू शकते, तेव्हा वापरायच्या वेळी धुऊन पुसून घ्या. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा आणि मग बाकीच्यांत मिसळा.

तांदळाच्या पिठाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. नुसत्या मैद्याचा तळ कोरड्या हवेत छान राहतो. भाटघर आणि नीरा देवघरच्या पाणलोटात, तोरण्याच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर जी ओल असते, तिच्यात तो संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. पिठाचा चौथा भाग तांदळाचा घातला की तळ जास्त वेळ खुसखुशीत राहतो, कारण तांदळात मैद्यातलं ग्लुटेन नसतं आणि थराला चिवटपणा येत नाही. ही युक्ती इथलीच आहे असंही नाही. स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेडमध्ये तांदळाचं पीठ घालायची पद्धत जुनीच आहे. आपल्याकडे त्यासाठी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी आहे, नाहीतर आंबेमोहोर आहे. आंबेमोहोराचा वास भाजल्यावरही थोडा मागे राहतो आणि लिंबाशी तो छान जमतो. घरात असेल तर तोच घ्या. गिरणीतून कोरडं दळलेलं, मैद्याच्या चाळणीने चाळलेलं पीठ हवं. पावसाळ्यात ते कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून पूर्ण गार करा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त ओल घालवायची.

घरचं लोणी वापरायचं तर ते थंड पाण्यात तीन-चार वेळा धुऊन, तळहाताने दाबून त्यातलं ताक आणि पाणी काढून टाका. ताक राहिलं तर तळ आंबूस आणि चामट होतो. लोणी नसेल तर ५५ ग्रॅम रवाळ तूप आणि एक चमचा दूध घ्या. तुपाचा तळ जास्त ठिसूळ होतो, वडी कापताना थोडी जपावी लागते, पण चवीला काही कमी नाही. विकतचं खारं बटर असेल तर मीठ वगळा.

कढईची तयारी

निदान बारा इंच रुंदीची, जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या. नॉनस्टिक नको, कोरडी तापवली की तिचा लेप खराब होतो. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, बोटाच्या पेराइतका थर व्हायला हवा. मिठावर कुकरच्या तळाची जाळी किंवा लोखंडी रिंगण ठेवा. डबा रिंगणावर ठेवल्यावर त्याच्या आणि कढईच्या कडेत सगळीकडून दोन बोटं जागा राहायला हवी, म्हणजे गरम हवा फिरते. झाकण जड आणि घुमटाचं हवं. हे मीठ नंतर स्वयंपाकात वापरू नका, पण गार करून बरणीत भरलं की पुढच्या वेळी भाजायला पुन्हा चालतं.

कढईऐवजी जुना पाच लिटरचा कुकर चालतो. त्याची शिट्टी आणि झाकणाचं रबर दोन्ही काढलेली हवीत, आत पाणी अजिबात नको. पातळ बुडाचा कुकर कोरड्या आचेने वाकतो, म्हणून नवा कुकर यासाठी खर्ची घालू नये.

झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं कढई तापू द्या. तापली की नाही हे पाहायला लहानशा स्टीलच्या वाटीत चिमूटभर मैदा पसरून आत ठेवा. पाच मिनिटांत तो बदामी झाला तर कढई तयार आहे. काळपट पडला तर आच कमी करा, पांढराच राहिला तर वाढवा. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळाला तर त्यावर १७० ते १८० अंश सेंटिग्रेड दिसायला हवं.

कढईत आच खालून येते, वरून फारशी मिळत नाही. केकला हा तोटा आहे. या वडीला मात्र तो मानवतो, कारण तळाला जोरदार आच हवी असते आणि वरच्या थराला हळुवार.

चुलीवर करायचं असेल तर जुनी पद्धत माहीत असलेल्यांना सांगायला नको. कायस्थ प्रभूंच्या घरांत भानोलं हा भाजका पदार्थ असाच होत असे, खाली मंद निखारे आणि वर झाकणावर थोडे निखारे. रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यापासून या भागात कायस्थ प्रभूंची वस्ती आहे आणि ती रीत इथे परकी नाही. फक्त एक लक्षात ठेवा: तळ भाजताना वर निखारे ठेवा, लिंबाचा थर ओतल्यावर ते काढून टाका.

तळाचा थर

डब्याला आतून लोणी लावा आणि बटर पेपर असा घाला की तो तळाला बसून सगळ्या बाजूंनी वर बोटभर बाहेर येईल. हा कागद वडी बाहेर काढायला तर लागतोच, पण त्याचं दुसरं कामही आहे. आपले बहुतेक केकचे डबे ॲल्युमिनियमचे असतात आणि लिंबाचा रस उघड्या ॲल्युमिनियमला लागला की धातूची चव उतरते. त्याच कारणाने रस आणि अंडी कालवताना पितळ-तांब्याचं भांडं नको, स्टीलचं किंवा काचेचं घ्या.

लोणी मऊ असावं, वितळलेलं नको. परातीत किंवा भांड्यात ते पिठीसाखरेबरोबर हाताने फेसा, पांढरट आणि हलकं होईपर्यंत. नानकटाईला जितकं फेसतो त्याच्या निम्मं पुरे. फार हलकं झालं तर भाजताना थर फुगून मध्ये पोकळ होतो. मैदा, तांदळाचं पीठ आणि मीठ एकत्र चाळून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी मिसळा. मळायचं नाही. मूठभर पीठ दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला पाहिजे. वळला नाही तर चमचाभर दूध शिंपडा. फुटलाच नाही, नुसता चेपला गेला, तर लोणी जास्त झालंय किंवा फार गरम झालंय. भांडं झाकून पाव तास गार जागी ठेवा.

हे पीठ डब्यात सारखं पसरून वाटीच्या बुडाने दाबून बसवा. कडेला एक सेंटिमीटर वर चढवा, म्हणजे पुढे लिंबाचं मिश्रण तळाखाली झिरपणार नाही. काट्याने जागोजागी टोचा. फ्रीज असेल तर पंधरा मिनिटं आत ठेवा, नसेल तर गार जागेवर तेवढाच वेळ राहू द्या.

डबा तापलेल्या कढईत ठेवून झाकण लावा. मध्यम आचेवर पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटं. ओव्हनमध्ये १७५ अंशांवर वीस मिनिटं. पंधराव्या मिनिटाला एकदा झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी पुसून टाका. तळ झाला याची खूण: कडा सोनेरी झाल्यात, मधला भाग फिका पण कोरडा दिसतोय, बोटाने हलकेच दाबलं तर खळ पडत नाही आणि भाजल्या नानकटाईचा वास सुटलाय. घाई करायची नाही. कच्च्या तळावर लिंबाचं मिश्रण ओतलं की तो पुढे कितीही भाजला तरी खाली लापशीच राहते. या सगळ्या कृतीत एकच जागा अशी आहे की जिथे पाच मिनिटं जास्त गेली तर बिघडत नाही आणि पाच मिनिटं कमी पडली तर सगळं वाया जातं, ती ही.

तळ शिजत असताना वरचा थर तयार करायचा, कारण तो गरम तळावरच ओतायचा असतो.

वरचा थर

लिंबं कोमट पाण्यात चोळून धुवा आणि कोरडी करा. आधी साल किसायची, मग लिंबू चिरायचं. उलटं केलं तर चिरलेलं लिंबू किसणीवर धरता येत नाही. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या आणि सालीचा फक्त रंगीत भाग काढा. एका जागी एकदाच फिरवा, लिंबू वळवा, पुन्हा फिरवा. खालचा पांढरा भाग कडू असतो, तो लागला की वडीला कडवट शेवट येतो.

ही किसलेली साल साखरेत घाला आणि बोटांच्या चिमटीत धरून चोळा. दोन मिनिटं तरी चोळा. सुरुवातीला साखर कोरडी, खरखरीत असते. थोड्या वेळाने ती ओलसर लागायला लागते, हाताला गुठळी धरते, रंग फिका हिरवट-पिवळा होतो आणि सालीतलं तेल सुटून सगळ्या स्वयंपाकघरात लिंबाचा वास भरतो. बोटांवर बारीक चकाकी दिसते ती त्या तेलाची. रसात आंबटपणा असतो, पण लिंबाचा वास राहतो सालीत. गडावर सरबत विकणाऱ्या बायकांकडे रविवारी संध्याकाळी पिळलेल्या सालींचा ढीग पडलेला असतो, आणि लिंबाचं सगळ्यात सुवासिक अंग त्यातच असतं. पिळायच्या आधी साल किसून साखरेत चोळून ठेवली तर ती बंद डब्यात, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. मग वड्या कधीही करता येतात.

लिंबं ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा, चिरा आणि हाताने पिळा. स्टीलच्या पिळणीने कचकन दाबलं तर बिया चिरडतात आणि सालीचा कडूपणाही उतरतो. रस गाळून ५० मिली मोजा.

चोळलेल्या साखरेत १५ ग्रॅम मैदा आणि मीठ मिसळा. अंडी फोडून घाला आणि काट्याने किंवा चमच्याने एकजीव करा. फेटायचं नाही. रवी किंवा बीटर अजिबात नको, कारण फेस आला की तो भाजताना वर चढून पांढरी पापडी धरतो आणि लिंबाचा थर तिच्याखाली लपतो. शेवटी रस घाला, पुन्हा हलकेच ढवळा आणि सगळं गाळणीतून गाळून घ्या. गाळल्याने अंड्यातले पांढरे धागे निघून जातात. सालीचे कण गाळणीत राहिले तर त्यातले निम्मे परत घाला.

दुसऱ्यांदा भाजणं

भाजलेला तळ कढईतून बाहेर काढा. कुठे भेग दिसली तर गरम असतानाच चमच्याच्या पाठीने दाबून बुजवा. मोठी भेग असेल तर अंड्याचं थोडं मिश्रण तिच्यावर लावून डबा एक मिनिट परत कढईत ठेवा. ते शिजलं की भेग बंद होते. मग मिश्रण एकदा ढवळून घ्या, मैदा खाली बसलेला असतो, आणि गरम तळावर सावकाश ओता. तळ गरम असला की मिश्रणाचा खालचा भाग लगेच धरतो आणि दोन्ही थर एकमेकांना चिकटतात. गार तळावर ओतलं तर कापताना वरचा थर सालपटासारखा सुटून येतो.

आच आता मंद. झाकण लावताना काडेपेटीची काडी मध्ये धरावी इतकी फट एका बाजूला ठेवा. वाफ कोंडली की तिचे थेंब वरच्या थरावर पडून खड्डे पाडतात. कढईत वीस ते पंचवीस मिनिटं लागतात, ओव्हनमध्ये १६० अंशांवर अठरा ते वीस.

अठराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. डबा पक्कडीने धरून हलकेच हलवायचा. पहिल्यांदा सगळा थर पाण्यासारखा हिंदकळेल. थोड्या वेळाने कडा स्थिर होतील आणि मधला भाग लाट आल्यासारखा हलेल. अजून वेळ आहे. जेव्हा फक्त मध्यावरचा रुपयाएवढा भाग थरथरतो आणि बाकीचं स्थिर असतं, तेव्हा आच बंद करा आणि डबा लगेच बाहेर काढा. डब्याच्या आतल्या उष्णतेने तो मधला भागही बसतो. मधलं पूर्ण घट्ट व्हायची वाट पाहिली तर अंडं जास्त शिजतं, वरच्या थराला भेगा पडतात, पाणी सुटतं आणि चव ऑम्लेटकडे झुकते. अंड्यातली प्रथिनं ८० अंशांच्या आसपास पूर्ण धरतात. साखर ती मर्यादा थोडी वर नेते, म्हणून एवढा वेळ मिळतो.

गार करणं आणि कापणं

डबा जाळीवर ठेवून तासभर गार होऊ द्या. नंतर दोन तास फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर परातीत बोटभर थंड पाणी घेऊन त्यात डबा ठेवा, वर जाळीचं झाकण, आणि पाणी दोनदा बदला. वेल्ह्याकडच्या पावसाळी हवेत एवढ्याने काम होतं. गरम वडी कापायची नाही, वरचा थर सुरीबरोबर वाहतो.

कागदाच्या कडा धरून अख्खी चकती बाहेर काढा. पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि एका दाबात कापा. करवतीसारखी मागेपुढे करू नका. प्रत्येक कापाला सुरी पुसून घ्या. गोल डब्यात चौकोन नीट बसत नाहीत, म्हणून नारळाच्या वडीसारखे शंकरपाळी काप पाडा. कडेचे तुकडे मुलांच्या वाट्याला जातात आणि ते सगळ्यात खुसखुशीतही असतात.

पिठीसाखर खायच्या वेळीच गाळणीतून भुरभुरा. आधी घातली तर वरच्या थरातली ओल ओढून ती विरघळते आणि वडी चिकट दिसते.

अंडं न चालणाऱ्यांसाठी

श्रावणात, किंवा घरात कुणी अंडं खात नसेल तर तळ तोच ठेवून वरचा थर बदला. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा मिळतो, त्यातलं निम्मं घ्या. त्यात ६० ग्रॅम चक्का, सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर, तीन लिंबांची साल आणि ५० मिली रस. चक्का श्रीखंडाला बांधतो तसाच, पाणी पूर्ण निथळलेला आणि ताजा हवा. रस घातल्यावर मिश्रण ढवळता ढवळता घट्ट होतं. दुधातल्या प्रथिनांना आंबटाने धरल्यामुळे हे होतं. फाटलं म्हणून घाबरायचं नाही. गरम तळावर पसरून मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजा. याची चव अंड्याच्या वडीहून वेगळी असते, जास्त दुधाळ आणि थोडी श्रीखंडाच्या अंगाने जाणारी. मला स्वतःला अंड्याची वडी जास्त लिंबू दाखवते असं वाटतं, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना बहुधा ही जास्त आवडते.

आणखी एक पर्याय कॉर्नफ्लोअर पाण्यात साखरेबरोबर शिजवण्याचा. तो करायचा झाला तर लिंबाचा रस भांडं खाली उतरवल्यावरच घाला. आंबटाबरोबर उकळत राहिलं की स्टार्च पातळ पडतो आणि वडी धरत नाही.

काही बिघडलं तर

वडी कडू लागली तर सालीबरोबर पांढरा भाग आला किंवा बिया चिरडल्या. तळ करपला आणि वरचा थर कच्चाच राहिला तर मिठाचा थर पातळ आहे किंवा डबा रिंगणावर नीट बसलेला नाही. वरचा थर रबरासारखा झाला तर आच जास्त होती. वर पांढरी पापडी आली तर मिश्रण फेटलं गेलं. दुसऱ्या दिवशी थरांच्या मधे पाणी दिसलं तर वडी गरम असतानाच झाकून ठेवली होती.

जास्त वड्या करायच्या असतील, गणपतीला किंवा दिवाळीला, तर कढईत घाण्यामागून घाणे काढत बसण्यापेक्षा बेकरीवाल्यांना विचारा. नानकटाईचे ट्रे घेऊन भट्टीवर जायची आपल्याकडे रीतच आहे. पाव निघून गेल्यावर उतरत्या आचेत फक्त तळ भाजून आणावा आणि लिंबाचा थर घरी कढईत करावा. त्या नाजूक थरासाठी भट्टीवर कुणाला उभं राहायला सांगणं बरं नाही. तळ अशा वेळी गार झालेला असतो, तेव्हा मिश्रण ओतण्याआधी पाच मिनिटं कढईत ठेवून पुन्हा गरम करा.

साल किसून, रस काढून उरलेली लिंबाची टरफलं टाकू नका. चिरून मीठ, साखर आणि थोडं लाल तिखट लावून बरणीत भरली आणि चांगली उन्हं दिली की लोणचं होतं. नव्या लिंबाच्या लोणच्यात मिसळली तरी चालतात.

अंड्याची वडी फ्रीजमध्ये झाकून तीन-चार दिवस राहते. फ्रीज नसेल तर कराल त्याच दिवशी संपवावी. नसरापूर फाट्यावरून पुण्याला जाणाऱ्या लेकीबरोबर किंवा भाच्याबरोबर डबा पाठवायचा असेल तर वड्या पूर्ण गार झाल्यावरच भरा, दोन थरांच्या मधे बटर पेपर घाला आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाठवा. पिठीसाखरेची पुडी वेगळी बांधून द्या.